सोलापुरातून स्टार्टअपसाठी भांडवल उभारताना : नवख्या उद्योजकांसाठी मार्गदर्शक

स्टार्टअपला गुंतवणूक मिळाली याचा अर्थ संस्थापकांनी आपल्या कंपनीचा काही हिस्सा विकला, एवढाच असतो. हे सुरुवातीलाच लिहिण्याचे कारण असे की सोलापुरात धंदा घराघरांत आहे, पण तो चालतो घरच्या भांडवलावर, बँकेच्या कॅश क्रेडिटवर, सुताच्या व्यापाऱ्याच्या उधारीवर आणि नातेवाइकांकडून घेतलेल्या हातउसन्या पैशांवर. कंपनीचे शेअर परक्या माणसाला विकून भांडवल उभे करण्याची सवय इथल्या पेठांना नाही. त्यामुळे वालचंद किंवा ऑर्किडमधून इंजिनिअर होऊन बाहेर पडलेली मुलगी घरी येऊन सांगते की पुण्याचा एक गुंतवणूकदार पन्नास लाख द्यायला तयार आहे, तेव्हा वडिलांचा पहिला प्रश्न असतो, "व्याज किती?" आणि व्याज नाही हे ऐकल्यावर दुसरा, "मग परत कधी द्यायचे?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची नीट उत्तरे देता येईपर्यंत कोणीही गुंतवणूक घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर थोडक्यात असे आहे. व्याज नसते, हप्ता नसतो आणि घर किंवा शेत गहाण ठेवावे लागत नाही. प्रामाणिकपणे चालवलेली कंपनी बुडाली, तर गुंतवणूकदाराचे पैसेही तिच्याबरोबर बुडतात. त्याला पैसा परत मिळतो तो त्याच्या हिश्श्याचे शेअर कोणीतरी पुढे जास्त भावाने विकत घेतले तर. म्हणजे कंपनी मोठ्या कंपनीने विकत घेतली, शेअर बाजारात आली किंवा नंतरच्या गुंतवणूकदाराने जुन्याचा हिस्सा घेतला तर. त्याच्या सगळ्या अटी, सगळे प्रश्न आणि सगळी घाई यातूनच निघते.

पहिली पायरी : हा पैसा आपल्या धंद्याला लागू आहे का, हे ठरवणे

व्हेंचर फंड स्वतःचे पैसे गुंतवत नाही. इतरांकडून घेतलेले पैसे साधारण दहा वर्षांत वाढवून परत करणे, हे त्याचे काम असते. समजा 100 कोटींच्या एका फंडाने 25 कंपन्यांत पैसे घातले, तर त्यांतल्या बऱ्याच बुडतात, काहींतून जेमतेम मुद्दल निघते आणि फंडाचा सगळा नफा दोन-तीन कंपन्यांवर येऊन ठेपतो. त्या दोन-तीन कोणत्या हे आधी कळत नसल्याने फंड समोर आलेल्या प्रत्येक कंपनीकडे एकाच नजरेने पाहतो : ही पन्नासपट होऊ शकते का? दरवर्षी वीस टक्क्यांनी वाढणारा, नियमित नफा देणारा धंदा बँकेसाठी आणि कुटुंबासाठी उत्तम असतो, पण फंडाच्या गणितात तो बसत नाही. तिथून नकार आला म्हणजे धंदा वाईट आहे, असा निष्कर्ष काढू नये.

सोलापुरातलेच उदाहरण घेऊन ही परीक्षा कशी करायची ते पाहू. इथले कारखानदार शाळांचे गणवेश मोठ्या प्रमाणावर तयार करतात. शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणून त्याआधीचे काही महिने कामाचा सगळा भार असतो. कारखान्यात कटिंग होते, कापलेल्या तुकड्यांची बंडले बांधली जातात आणि विडी घरकुलासारख्या वस्त्यांतील महिला ती शिलाईसाठी घरी नेतात. कोणाकडे कोणत्या मापाचे किती पीस गेले, किती परत आले, किती नापास झाले आणि मजुरी किती झाली, हा हिशेब वहीत किंवा मुकादमाच्या डोक्यात असतो. समजा दोन मित्रांनी बंडलावर क्यूआर कोड लावून हा हिशेब मोबाइलवर आणणारे सॉफ्टवेअर बनवले आणि दहा कारखानदार त्याचे दरमहा पैसे देऊ लागले. इथवर चांगला धंदा झाला. फंडाचा पैसा घ्यायचा की नाही हे त्यापुढच्या प्रश्नावर ठरते : हेच सॉफ्टवेअर फार बदल न करता तिरुपूरच्या होजिअरीला, बेल्लारीच्या जीन्सला आणि उल्हासनगरच्या तयार कपड्यांना चालेल का? चालणार असेल, आणि तिथे लवकर पोहोचायला माणसे व पैसे लागणार असतील, तर हिस्सा विकण्यात अर्थ आहे. फक्त सोलापूरच्या कारखान्यांपुरतेच ते उपयोगी असेल, तर ग्राहकांच्या पैशांवर धंदा वाढवावा आणि त्याची मालकी पूर्णपणे स्वतःकडे ठेवावी.

बाहेरची गुंतवणूक न घेता मोठ्या झालेल्या कंपन्या आपल्या देशात आहेत. 1996 साली सुरू झालेली झोहो आणि 2010 साली सुरू झालेली झिरोधा यांनी व्हेंचर फंडांचा पैसा घेतला नाही. मधला मार्गही आहे. पुण्यातल्या कॅल्क्युलेटर-संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातून उभी राहिलेली क्विक हील कंपनी आधी ग्राहकांच्या बळावर मोठी झाली, तिने 2010 साली सिकोया कॅपिटल या व्हेंचर फंडाची गुंतवणूक घेतली आणि 2016 साली ती शेअर बाजारात आली. सातारा जिल्ह्यातून पुण्यात आलेल्या मराठी कुटुंबाने हे केले, याचे मला फार मोल वाटते, आणि सोलापूरच्या मुलांनी सिलिकॉन व्हॅलीच्या गोष्टींआधी ही गोष्ट अभ्यासावी.

दुसरी पायरी : कंपनी, आणि मित्रामित्रांतला लेखी करार

गुंतवणूक घ्यायची असेल तर प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच लागते. भागीदारी फर्म आणि एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) यांना शेअर देता येत नाहीत. कंपनी नोंदवली की केंद्र सरकारच्या स्टार्टअप इंडिया पोर्टलवर डीपीआयआयटीची (उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाची) मान्यता घ्यावी. तिला शुल्क नाही, त्यामुळे "मान्यता काढून देतो" म्हणत मोठी रक्कम मागणाऱ्यापासून लांब राहावे. मान्यता असली की पेटंट अर्जाच्या शुल्कात 80 टक्के सवलत मिळते आणि ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज एका वर्गासाठी 9,000 ऐवजी 4,500 रुपयांत होतो.

खरा वेळ द्यायचा तो संस्थापकांमधल्या करारावर. आपल्याकडे मैत्रीत कागद करणे अपमानाचे वाटते, आणि म्हणूनच बरोबरीने सुरू केलेल्या कंपन्या बरोबरीनेच अडकतात. तीन मित्रांनी एकेक तृतीयांश वाटून घेतले, आठ महिन्यांनी एकाला हिंजवडीत चांगली नोकरी लागली आणि तो गेला, पण त्याचे 33 टक्के त्याच्याकडेच राहिले, तर उरलेले दोघे आयुष्यभर त्याच्यासाठी राबणार, असा त्याचा अर्थ होतो. नवा गुंतवणूकदार अशा कंपनीत पैसे घालत नाही. यावर उपाय म्हणजे व्हेस्टिंग. प्रत्येकाचा हिस्सा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने त्याचा होतो आणि पहिले पूर्ण वर्ष होण्याआधी जो सोडून जाईल त्याला काहीही मिळत नाही, अशी साधारण रीत आहे. आठ महिन्यांत गेलेल्या त्या मित्राचे सगळे शेअर अशा वेळी कंपनीकडे किंवा उरलेल्या संस्थापकांकडे नाममात्र किमतीत परत येतात. हा करार चहा पिताना, सगळे आनंदात असताना करावा; भांडण झाल्यावर तो होत नाही.

त्याच करारात आणखी एक कलम असावे. आजवर लिहिलेले सॉफ्टवेअर, नाव, चिन्ह आणि डिझाइन हे सगळे कंपनीच्या मालकीचे आहे, असे प्रत्येकाने लिहून द्यावे. नोकरीत असलेल्या माणसाने कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड मालक कंपनीचा ठरतो, पण बाहेरून काम करून देणाऱ्याने लिहिलेला कोड, लेखी हस्तांतर नसेल तर, त्याचाच राहतो. कॉलेजमधल्या ज्युनिअरने दोन हजार रुपयांत करून दिलेला लॉगिनचा भागही याला अपवाद नाही. वेबसाइटचे डोमेन आणि ॲपचे खाते कोणा एकाच्या वैयक्तिक ईमेलवर असेल, तर ते आजच कंपनीच्या नावावर करावे.

तिसरी पायरी : हिस्सा न विकता मिळणारा पैसा आधी शोधणे

यात सर्वांत वरचा क्रमांक ग्राहकाच्या आगाऊ पैशाचा. गणवेशाच्या हंगामाआधी एखादा कारखानदार वर्षाचे शुल्क एकरकमी देत असेल, तर ती रक्कम स्वस्त भांडवल तर आहेच, शिवाय पुढे गुंतवणूकदारासमोर ठेवायचा सर्वांत भक्कम पुरावाही आहे. फुकट वापरणारे पन्नास कारखानदार दाखवण्यापेक्षा पैसे मोजणारे पाच दाखवावेत.

त्यानंतर सरकारी योजना. 2021 साली सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत संकल्पना सिद्ध करण्यासाठी 20 लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी कर्ज किंवा परिवर्तनीय (पुढे शेअरमध्ये बदलणाऱ्या) रोख्यांच्या रूपात 50 लाखांपर्यंत मदत, अशी रचना आहे. हा पैसा सरकार थेट देत नाही. निवडलेल्या इनक्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना घडवणाऱ्या केंद्रांमार्फत, तो येतो आणि अर्ज करताना कंपनीला दोन वर्षांहून जास्त काळ झालेला नसावा अशी अट आहे. म्हणून कंपनी नोंदवण्याची घाई करण्याआधी ही घड्याळाची बाब लक्षात ठेवावी आणि अर्जाआधी पोर्टलवर योजनेची चालू स्थिती पाहावी. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहात निवडल्या जाणाऱ्या 24 स्टार्टअपना शासकीय विभागांत प्रायोगिक काम करण्यासाठी कार्यादेश दिले जातात. आरोग्य, शेती किंवा पाण्याशी संबंधित काम करणाऱ्यांनी तिथे अर्ज करावाच. शेतीत काम करणाऱ्यांना सोलापुरात एक फार मोठी सोय आहे, ती म्हणजे केगावचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र. डाळिंबावरचा तेल्या रोग ओळखणारे ॲप बनवायचे असेल, तर गुंतवणूकदाराआधी तिथल्या शास्त्रज्ञांना भेटावे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठही त्याच रस्त्यावर आहे. तिथल्या इनक्युबेशन केंद्रात चौकशी करणे एका दिवसात होते.

बँकेकडे जायचे असल्यास मुद्रा योजनेची कमाल मर्यादा आता 20 लाख आहे, मात्र वरच्या दहा लाखांसाठी आधीचे ‘तरुण’ नावाच्या गटातले कर्ज फेडलेले असावे लागते. सिडबीचा (लघुउद्योग विकास बँकेचा) 2016 पासून चालणारा दहा हजार कोटींचा स्टार्टअप फंड ऐकून अनेक जण थेट तिथे अर्ज करू पाहतात. तो फंड स्टार्टअपना पैसे देत नाही, स्टार्टअपमध्ये गुंतवणूक करणाऱ्या फंडांना देतो.

नातेवाइकांचे पैसे घेण्याआधी

मामा, मित्र, वडिलांचे व्यापारी सोबती यांच्याकडून पैसे घेणे सोलापुरात सर्वांत सोपे आहे आणि कायद्याच्या दृष्टीने सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. प्रायव्हेट कंपनीला संचालकाकडून किंवा त्याच्या नातेवाइकाकडून कर्ज घेता येते, पण देणाऱ्याने ते पैसे स्वतः उसने घेतलेले नाहीत असे लिहून द्यावे लागते. मित्राकडून कंपनीच्या नावे घेतलेले साधे कर्ज "ठेव" ठरू शकते आणि ठेवी घेण्याचे नियम फार कडक आहेत. वीस हजार किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेता येत नाही. शेअर द्यायचे असतील तर पैसे देणाऱ्याच्या स्वतःच्या बँक खात्यातूनच यावे लागतात.

आणखी एक बाब बहुतेकांना माहीत नसते. "आमच्या कंपनीत गुंतवणूक करा, 50 हजारांपासून सुरुवात" असा संदेश सोसायटीच्या किंवा समाजाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे कायद्यात बसत नाही. खासगी शेअरविक्री ही नावानिशी ठरवलेल्या व्यक्तींनाच करता येते, एका आर्थिक वर्षात दोनशेहून जास्त जणांना करता येत नाही आणि तिची जाहिरात करता येत नाही.

चौथी पायरी : किती मागायचे, आणि किती हिस्सा जातो

आधी खर्च मोजावा. दरमहा अडीच लाख खर्च असेल तर 50 लाख वीस महिने पुरतात. याला धावपट्टी म्हणतात. पुढची गुंतवणूक मिळवायला सहा ते नऊ महिने लागतात असे धरावे, म्हणजे वीसपैकी कामाचे महिने अकरा ते चौदा. तेवढ्यात आज नसलेले काय साध्य होईल, दोनशे कारखाने की दुसरे एखादे शहर, ते ठरले की रक्कम आपोआप ठरते.

आता हिश्श्याचे गणित. दोन संस्थापकांकडे मिळून 10,000 शेअर आहेत, एकाकडे 6,000 आणि दुसऱ्याकडे 4,000. गुंतवणूकदार म्हणतो की कंपनीची पैशाआधीची किंमत दोन कोटी धरू आणि मी 50 लाख घालतो. मग पैशानंतरची किंमत अडीच कोटी, त्याचा हिस्सा 20 टक्के, एका शेअरचा भाव 2,000 रुपये आणि त्याला नवे 2,500 शेअर. संस्थापकांकडे 48 आणि 32 टक्के उरतात. इथवर सगळ्यांना कळते.

पण टर्म शीटमध्ये, म्हणजे गुंतवणुकीच्या मुख्य अटींच्या कागदात, बहुधा आणखी एक ओळ असते : कर्मचाऱ्यांसाठी 10 टक्के शेअर राखून ठेवावेत आणि ते पैशाआधीच्या किमतीतच धरावेत. या ओळीने चित्र बदलते. गुंतवणूकदाराचे 20 टक्के तसेच राहतात, कर्मचाऱ्यांचे 10 बाजूला जातात आणि संस्थापकांचे 10,000 शेअर आता एकूण शेअरच्या 70 टक्के होतात. म्हणजे एकूण शेअर साधारण 14,286, एका शेअरचा भाव 1,750 रुपये आणि संस्थापकांचा हिस्सा 42 आणि 28 टक्के. कागदावर दोन कोटी लिहिलेली किंमत संस्थापकांच्या दृष्टीने प्रत्यक्षात पावणेदोन कोटी झाली. ही मागणी गैर मुळीच नाही, कारण चांगला अभियंता सोलापुरात टिकवायचा तर त्याला शेअर द्यावेच लागतात. पण राखीव हिस्सा दहा टक्केच का, पुढच्या दीड वर्षात खरोखर किती माणसे घ्यायची आहेत, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. हे गणित स्वतःच्या हाताने एक्सेलमध्ये मांडावे. दुसऱ्याने मांडलेले पाहून ते अंगी लागत नाही.

एक इशारा इथेच द्यावासा वाटतो. आपल्या भागातला एखादा यशस्वी कारखानदार 25 लाख देतो आणि 51 टक्के मागतो. त्याची नियत चांगली असते; भागीदारीत ज्याचा पैसा त्याची सत्ता, हीच रीत त्याने आयुष्यभर पाहिलेली असते. तरीही हा सौदा करू नये. संस्थापकांचा हिस्सा पहिल्याच टप्प्यात निम्म्याखाली गेला की पुढचा गुंतवणूकदार येत नाही, कारण राबणाऱ्या माणसाला राबण्याचे कारणच उरत नाही. पहिल्या टप्प्यात दहा ते वीस टक्क्यांच्या आसपासच हिस्सा जावा. अशा कारखानदाराला हे गणित आदराने समजावून सांगावे. तो धंद्यातला माणूस असतो, दोन बैठकांत त्याला पटते, आणि मग त्याच्याइतका उपयोगी गुंतवणूकदार दुसरा नाही, कारण त्याच्या एका फोनवर तुम्हाला दहा ग्राहक मिळतात.

पाचवी पायरी : गुंतवणूकदारांना भेटणे, आणि त्या जगाच्या चालीरीती

यादी आपल्या ओळखीच्या वर्तुळापासून सुरू करावी. पुणे, मुंबई, बेंगळुरू इथल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत वरच्या पदांवर असलेले सोलापूरकर खूप आहेत आणि त्यांतले काही स्वतः गुंतवणूक करतात. आपल्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांमधून अशी नावे काढावीत. मग एंजल गट (स्वतःचे पैसे घालणाऱ्या व्यक्तींचे गट) आणि सीड फंड (अगदी सुरुवातीच्या टप्प्यात पैसे घालणारे फंड). प्रत्येकाने आधी कशात पैसे घातले आहेत, किती रकमेचे घातले आहेत आणि तुमच्या टप्प्यावर तो येतो का, हे पाहिल्याशिवाय ईमेल पाठवू नये. ईमेल पाच-सहा ओळींचा असावा आणि शक्य असेल तर त्या गुंतवणूकदाराने ज्याच्या कंपनीत पैसे घातले आहेत अशा संस्थापकाच्या ओळखीने जावा. ती ओळख मागायला संकोचू नये. त्या जगात ओळख करून देणे हा रोजचा व्यवहार आहे.

पिच डेक, म्हणजे गुंतवणूकदारासमोर ठेवायचे सादरीकरण, दहा-बारा पानांचा पुरतो. अडचण कोणाची, आज ती कशी भागवली जाते, तुमचे उत्तर काय, कोण पैसे देतो, किती ग्राहक आले आणि किती सोडून गेले, बाजार केवढा, स्पर्धा कोणाची, माणसे कोण, किती पैसे हवेत आणि त्यातून काय होईल. बाजार मोजताना देशातल्या वस्त्रोद्योगाचा लाखो कोटींचा आकडा लिहू नये. तुमच्यासारखे सॉफ्टवेअर लागेल असे कारखाने किती आणि प्रत्येकी वर्षाला किती शुल्क, हा गुणाकार करून आलेला छोटा आकडा जास्त विश्वासार्ह असतो.

भाषेची भीती सोलापूरच्या मुलांना फार वाटते, आणि ती अनाठायी आहे. ज्याने लहानपणापासून घरात तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी बोलून व्यवहार केला, त्याला चौथ्या भाषेत धंदा समजावून सांगता येतो. समोरचा मराठी असेल तर मराठीत बोलावे. इंग्रजी साधी असली तरी चालते. आकडे तोंडपाठ नसले तर चालत नाही. मागच्या महिन्याचे उत्पन्न, एक ग्राहक मिळवायला येणारा खर्च आणि उरलेली धावपट्टी, हे विचारल्यावर फाइल उघडावी लागू नये.

काही चाली सुरुवातीला खटकतात, म्हणून त्या आधीच सांगतो. आपल्याकडे चहा होईपर्यंत पैशाचा विषय काढत नाहीत, तिथे पहिल्या पाच मिनिटांत "महिन्याला किती जळतात?" (म्हणजे खर्च किती) असे विचारतात आणि त्यात उद्धटपणा नसतो. आपण मोठ्या माणसाला साहेब, सर, अण्णा, मालक म्हणतो. तिथे पन्नाशीच्या माणसालाही पहिल्या नावाने हाक मारतात. तुम्हाला जमत नसेल तर "सर" म्हणावे, कोणी वाईट वाटून घेत नाही. टी-शर्ट घालून, कॉफी पीत झालेली बैठक हलकीफुलकी वाटते, पण त्याच बैठकीत तुमच्या प्रत्येक आकड्याची नोंद होत असते. पहिल्या भेटीआधी गुप्ततेच्या करारावर सही मागू नये. गुंतवणूकदार ती करत नाहीत, कारण एकाच प्रकारच्या अनेक कल्पना ते रोज ऐकतात.

नकार क्वचितच नकार म्हणून येतो. "अजून थोडे लवकर आहे", "ट्रॅक्शन (ग्राहकांचा प्रतिसाद) वाढले की कळवा", "आतल्या टीमशी बोलून सांगतो" यांचा अर्थ आज तरी नाही, असा घ्यावा. वाट पाहत बसू नये, रागावू नये. तीन महिन्यांनी वाढलेले आकडे घेऊन दोन ओळींचा ईमेल पाठवावा. अनेक गुंतवणुका अशा दुसऱ्या-तिसऱ्या ईमेलनंतर होतात. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी पुण्याला जाऊन संध्याकाळी परत येता येते, म्हणून एका दिवसात तीन भेटी ठरवाव्यात आणि परतीच्या प्रवासात प्रत्येक भेटीत विचारलेले प्रश्न लिहून काढावेत. तिघांनीही विचारलेला प्रश्न हीच तुमच्या धंद्याची कच्ची बाजू असते.

या जगातली उत्साहाची लागण मला आवडते. विशी-पंचविशीतली मुले देशभरचे प्रश्न सोडवायला निघतात, हे सुंदर दृश्य आहे. पण दोन सवयी उचलू नयेत. एक, तीन माणसांच्या कंपनीत सगळ्यांना सीईओ, सीटीओ, सीएमओ अशी पदे वाटणे. पुढे अनुभवी माणूस आणायची वेळ येते तेव्हा कोणाचे तरी पद काढावे लागते आणि मन दुखावते. दुसरी, वर्षभर रात्री जागून काम करण्याचा अभिमान. गणवेशाच्या हंगामात कारखानेही रात्री चालतात, कारण माल ठरल्या तारखेला द्यायचा असतो. बारा महिने तसे चालवले तर चांगली माणसे निघून जातात. घरी राहून, आईवडिलांजवळ राहून चांगले काम करू इच्छिणारे अभियंते सोलापुरात आहेत. त्यांना माणसासारखे कामाचे तास देणे ही तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू ठरू शकते.

"फंडिंग मिळवून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. खरा गुंतवणूकदार पैसे देण्याआधी पैसे मागत नाही.

सहावी पायरी : टर्म शीट वाचणे

टर्म शीट दोन ते पाच पानांची असते आणि गुप्तता व ठरावीक काळ दुसऱ्या कोणाशी बोलणी न करण्याची अट सोडली, तर ती बहुधा बंधनकारक नसते. तरीही तिच्यात मान्य केलेले पुढच्या करारात बदलता येत नाही, असे समजूनच सही करावी. कंपनीच्या किमतीवर सगळे घासाघीस करतात. त्याहून महत्त्वाच्या ओळी खाली असतात.

सर्वांत महत्त्वाची ओळ कंपनी विकली गेल्यास पैसे वाटण्याच्या क्रमाची. गुंतवणूकदाराचे शेअर बहुधा सक्तीने परिवर्तित होणारे प्रेफरन्स शेअर (आधी अग्रक्रम असलेले, पुढे साध्या शेअरमध्ये बदलणारे) असतात आणि त्याला आधी स्वतःचे मुद्दल घेण्याचा हक्क असतो. वरच्याच उदाहरणात कंपनी 80 लाखांना विकावी लागली, तर गुंतवणूकदार 50 लाख घेतो आणि बाकी सर्वांना मिळून 30 लाख उरतात. 20 टक्क्यांप्रमाणे त्याला 16 लाख मिळतील, असे समजणारा संस्थापक इथे फसतो. एवढी अट रास्त आहे, ती मान्य करावी. पण "मुद्दल घेऊन वर हिश्श्याप्रमाणेही घेईन" असे लिहिले असेल तर थांबावे. दीड कोटीला विक्री झाली तर पहिल्या प्रकारात त्याला 50 लाख मिळतात. दुसऱ्या प्रकारात 50 लाख आणि उरलेल्या एक कोटीचे 20 टक्के, म्हणजे 70 लाख. मुद्दलाच्या दुप्पट-तिप्पट मागणारी अटही नाकारावी.

दुसरी ओळ परवानगीच्या बाबींची. नवे शेअर काढणे, कंपनी विकणे, मोठे कर्ज घेणे यांसाठी गुंतवणूकदाराची संमती लागणे योग्य आहे. पाच लाखांच्या खरेदीसाठी किंवा कर्मचारी नेमण्यासाठी संमती मागितली असेल, तर ती रक्कम वाढवून घ्यावी, नाहीतर रोजचे काम फोनवर अडून राहील. संस्थापकांच्या वैयक्तिक हमीचे कलम आले तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

रक्कम लहान असेल आणि किंमत ठरवणे अवघड असेल, तर कन्व्हर्टिबल नोटचा (आज उसने घेऊन पुढे शेअरमध्ये बदलायच्या पैशांचा) पर्याय आहे; मान्यताप्राप्त स्टार्टअपला ती एका गुंतवणूकदाराकडून एकाच हप्त्यात किमान 25 लाखांची घ्यावी लागते. 2012 साली आलेला एंजल टॅक्स (वाजवी किमतीहून जास्त भावाने शेअर विकल्यास वरच्या रकमेवर लागणारा कर) 2024 च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, ही चांगली गोष्ट झाली, पण कंपनी कायद्याप्रमाणे शेअरच्या किमतीचा मूल्यांकन अहवाल अजूनही लागतो. घरचे सीए जीएसटी आणि आयकर उत्तम सांभाळतात. या कराराला मात्र असे करार नेहमी करणारा वकील घ्यावा, आणि गुंतवणूकदाराच्या वकिलाची फी कंपनीने भरायची असेल तर तिची कमाल मर्यादा टर्म शीटमध्येच लिहून घ्यावी.

त्यानंतर कागदपत्रांची तपासणी सुरू होते. जमीन घेताना सातबारा आणि फेरफार जसे मागच्या पिढ्यांपर्यंत पाहतात, तशीच कंपनीची पाहणी होते : सभांचे ठराव, शेअर वाटप, जीएसटी आणि टीडीएसचे भरणे, ग्राहकांचे करार, कोडची मालकी. दुसऱ्या पायरीत केलेले काम इथे उपयोगी पडते. ज्यांनी ते केले नाही त्यांचे महिनेच्या महिने यात जातात.

सातवी पायरी : पैसे आल्यावर

शेअरच्या पैशांसाठी वेगळे बँक खाते लागते. पैसे आल्यापासून 60 दिवसांत शेअर वाटप करावे लागते, वाटपानंतर 15 दिवसांत पास-3 हा फॉर्म भरावा लागतो, आणि तो भरेपर्यंत त्या पैशांना हात लावता येत नाही. खात्यात 50 लाख दिसत असताना पगार थकलेले असतात, हा मोह मोठा असतो. म्हणून दोन महिन्यांचा खर्च आधीच वेगळा ठेवावा.

कंपनीच्या खात्यातून घरचा खर्च करू नये. त्याऐवजी स्वतःला माफक पण नियमित पगार घ्यावा, जो करारात लिहिलेला असेल. आणि दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत सर्व गुंतवणूकदारांना एक पानी पत्र पाठवावे : बँकेतील शिल्लक, महिन्याचे उत्पन्न आणि खर्च, उरलेली धावपट्टी, नवे आणि सोडून गेलेले ग्राहक, काय बिघडले आणि कोणाकडून कोणती मदत हवी. वाईट बातमी पत्राच्या वरच्या भागात लिहावी. गुंतवणूकदार एकच असला आणि तो रोज फोनवर बोलत असला, तरी हे पत्र पहिल्याच महिन्यापासून लेखी जावे.